साकिन कंधार

हजेरी घेताना सरांनी ‘कंधारकर’ म्हटलं की आपल्या वर्गात हसू फुटायचं. ज्यांना हे आठवत नाही असं ते म्हणतात, तेच हसण्यात सर्वांत पुढे होते, हे मला पक्कं आठवतं. मागच्या बाकावरून दर चार दिवसांनी एकच विनोद यायचा. “हे कंधारकर, मग आम्ही काय लोह्याचे हाव का?” प्रश्न रास्त होता. कंधारात जन्मलेला, कंधारातच वाढलेला, मन्याडच्या पाण्यात पोहायला शिकलेला कुणीही कंधारकर नव्हता. अख्ख्या वर्गात कंधारकर एकटी मी, आणि माझं घराणं उदगीरहून आलेलं.

नववीत, १९९४च्या संक्रांतीनंतर, इतिहासाच्या सरांनी सगळ्यांना एक गृहपाठ दिला होता. (सरांचं नाव लिहिणार होते, पण फोनवर त्यांनीच बजावलं, “माझं नाव कशाला? गृहपाठ तुमचा होता.”) घरी जाऊन मोठ्या माणसांना विचारायचं की आपलं आडनाव कुठून आलं, आणि एक पान लिहून आणायचं. मी लिहिलं होतं, “आम्ही कंधारचे म्हणून कंधारकर.” एका ओळीचा गृहपाठ. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, “मग बाकीचे कोण?” ती वही आईनं जपून ठेवली, म्हणून हा पुरावा शिल्लक आहे.

त्याच तासाला आपला एक वर्गमित्र उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमचं आडनाव मला सांगायचं नाही.” तेव्हाही काही जण हसले. सर हसले नाहीत. त्याला म्हणाले, “बस. तू नाही लिहिलंस तरी चालेल.” त्या वाक्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली. त्याच्याकडे पुढे येतेच.

आता एकतीस वर्षांनी गृहपाठ पुन्हा काढायचं कारण म्हणजे आपली ही स्मरणिका. ‘१९९५ची दहावी’ असा गट मोबाईलवर तयार झाला आणि संगणकावर काम करणारी म्हणून नावांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलांची नावं आठवड्याभरात जमली. आडनाव टाकलं की माणूस सापडायचा. मुलींच्या बाबतीत तसं काही चालेना. हजेरीपटातली जी आडनावं माझ्याकडे होती, ती आता कुणाचीच नव्हती. या यादीशी झटताना आडनाव म्हणजे नेमकं काय, ते कुणी, कुणासाठी आणि कधी लावलं, हे खोदून बघावंसं वाटलं. सुरुवात अर्थातच स्वतःच्या घरापासून केली.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक उर्दू सनद होती. लहानपणापासून ती आम्ही पाहत आलो, पण घरात उर्दू वाचणारे आजोबाच शेवटचे. हैदराबादच्या माझ्या एका सहकाऱ्याला मी तिचा फोटो पाठवला. त्यानं व्हिडिओ कॉलवर बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं: आजोबांचं नाव, मग ‘वलद’, मग पणजोबांचं नाव, मग ‘साकिन कंधार’. बस. आडनाव नाहीच. मी पुन्हा विचारलं, “शेवटी काही आहे का, ‘कर’ वगैरे?” तो म्हणाला, “नाही. कंधारचे राहणारे, एवढंच.”

मग वडिलांनी आजोबांकडून ऐकलेली हकिगत सांगितली. ती मी पूर्वीही ऐकली असणार, पण तेव्हा कान दिला नव्हता. पणजोबा कंधार सोडून उदगीरला आडत दुकानावर मुनीम म्हणून गेले. उदगीर तेव्हा निजामी राज्यात बीदर जिल्ह्यात होतं. गावात आमच्या घराला ‘मुनीमाचं घर’ म्हणत आणि तेवढ्यानं भागायचं. सरकारी कागद उर्दूत, त्यात माणसाची ओळख तीन गोष्टींनी व्हायची: नाव, कुणाचा मुलगा, कुठला राहणारा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभाराची भाषा बदलली. आजोबा शिक्षक म्हणून लागायला गेले तेव्हा मराठी अर्जात ‘आडनाव’ असा रकाना होता. तिथं काय लिहायचं ते आजोबांना सुचेना. समोरच्या कारकुनानं सनद पाहिली, ‘साकिन कंधार’ वाचलं आणि स्वतःच लिहून टाकलं: कंधारकर. आमचं आडनाव म्हणजे एका उर्दू शब्दाचं, एका कारकुनानं, बहुधा जेवणाच्या सुट्टीआधी घाईत केलेलं भाषांतर. पुढे वडिलांना नोकरी लागली ती नेमकी कंधारातच, आणि ते हे नाव घेऊन परत आले. सरांच्या लाल शाईला उत्तर एवढंच आहे. बाकीचे गाव सोडून गेले नव्हते, म्हणून त्यांना गावाचं नाव लागलं नाही.

‘कर’ या प्रत्ययाचा आपल्या मुलखातला स्वभावच असा. गावात राहतो तोवर गावाचं नाव सांगायचं कारण पडत नाही. दुसऱ्या गावी गेलो की तिथले लोक विचारतात, “कुठले तुम्ही?” आणि आपलं उत्तर पुढच्या पिढीला चिकटतं. नांदेडात नांदेडकर शोधण्यापेक्षा पुण्यात शोधावेत. फारसी-उर्दूत हेच काम एकटी ‘ई’ करते. कंधारचा तो कंधारी. आपल्या गावाला हैदराबादेत ‘कंधार शरीफ’ म्हणतात ते हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यामुळे, आणि शाह रफीउद्दीन कंधारी यांच्यासारख्या सूफींनी हे गावाचं नाव दख्खनभर नेलं. हैदराबादच्या जामिया निजामिया या मोठ्या मदरशाचे संस्थापक मौलाना अन्वारुल्ला फारूकी हेही कंधारचेच. ही संस्था एकोणिसाव्या शतकातली. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर मागच्या बाकावरच्या विनोदाला मी चांगलं उत्तर दिलं असतं.

यात एक मजेशीर प्रकार लातूरकडचा. तिथं पाटील इतके की नुसत्या ‘पाटील’नं कुणाचाच पत्ता लागेना. मग पाटलाला गाव जोडलं गेलं. १९८५-८६मध्ये मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर, देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर. एक शब्द हुद्द्याचा, एक गावाचा. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर एका रकान्यानं ओळख एकमेव ठरत नसेल तर दोन रकाने जोडून ती ठरवायची. हे आमच्या क्षेत्रात नंतर आलं, निलंग्यात आधीच होतं.

हुद्दा अधिक गाव ही पद्धत जुनी आहे, आणि तिचा एक जुना नमुना आपल्याच भागातला आहे, हे कळलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता वडिलांना फोन केला. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. लट्टलूर म्हणजे लातूर. गंमत अशी की त्यांची राजधानी लातूर नव्हती. ते राज्य करत मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडहून. घराणं मूळ लातूरचं, बस्तान दुसरीकडे, आणि बिरुदात मात्र मूळ गाव. ही सरळ ‘लातूरकर’ची राजेशाही आवृत्ती झाली. पुढे सौंदत्तीचे रट्ट हे राष्ट्रकूटांशी नातं सांगणारं घराणं बेळगावकडे राज्य करत होतं. तेही राष्ट्रकूटांचं राज्य बुडाल्यानंतर बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत लट्टलूरचंच बिरुद मिरवत राहिले. इतक्या पिढ्यांत त्यांच्यातलं कोण लातूरला येऊन गेलं असेल?

आणि ‘राष्ट्रकूट’ हा शब्द? आपण तो घराण्याचं नाव म्हणून पाठ केला, ‘वेरूळचं कैलास लेणं कोणी खोदलं’ या प्रश्नासाठी. पण जुन्या ताम्रपटांत तो हुद्दा म्हणून येतो. ‘राष्ट्र’ म्हणजे तेव्हा देश नव्हे, तर राज्याचा एक विभाग. ‘कूट’ म्हणजे प्रमुख. गावाचा प्रमुख तो ग्रामकूट, विभागाचा प्रमुख तो राष्ट्रकूट. ग्रामकूट म्हणजे पाटील आणि राष्ट्रकूट म्हणजे देशमुख, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अ. स. आळतेकरांनी राष्ट्रकूटांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. हे घराणं आधी अशाच विभागप्रमुखांचं असावं, या मताचे ते होते. म्हणजे आपल्या वर्गातल्या तिन्ही देशमुखांनी आता उगाच कॉलर ताठ करू नये, पण शब्दापुरता तरी त्यांचा शेजार मोठा आहे. ‘राठोड’ हा शब्दही ‘राष्ट्रकूट’वरून भाषेच्या नियमानं निघू शकतो. मात्र शब्दाचं कूळ एक असलं म्हणून माणसांचं कूळ एक ठरत नाही. आपल्या तांड्यावरच्या राठोडांचा स्वतःचा इतिहास आहे, तो त्यांनीच लिहावा.

गावाच्या नावाचंही असंच. आपला किल्ला आणि ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव राष्ट्रकूट काळाशी जोडला जातो. ‘जगत्तुंग’ हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. ‘कृष्ण’ या नावाची प्राकृत-देशी रूपं कन्नर, कान्हर, कंधर अशी होतात आणि राष्ट्रकूटांत कृष्ण नावाचे तीन राजे झाले. कंधारपूर म्हणजे कृष्णाचं पूर, हे मत मला पटतं. एवढं मात्र नक्की की अफगाणिस्तानातल्या कंदाहारशी आपला काही संबंध नाही. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले, त्याची गणती नाही. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं, तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्या आठवड्यात वसतिगृहात ज्या ज्या मुलीनं मला पाहिलं तिनं विचारलं, “कंधारकर, सोडणार कधी?” उर्दूत दोन्ही गावं साधारण सारखीच लिहितात, त्यामुळे आजोबांच्या सनदेला पाहून माझा हैदराबादी सहकारीही क्षणभर अडखळला होता.

हुद्द्यांच्या आडनावांवर मी फार लिहीत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहेत आणि ज्यांची आहेत ते स्वतःच सांगत असतात. देशमुखानं परगण्याचा वसूल पाहायचा, देशपांड्यानं परगण्याची दप्तरं, कुलकर्ण्यानं गावची दप्तरं. फक्त एक शब्द समजावून सांगते. आपल्याकडे ‘मालीपाटील’ असतात आणि शहरातले लोक त्यांना फुलमाळी समजतात. निजामी राज्यात गावाला दोन पाटील असत. शांतता राखणारा तो पोलीस पाटील आणि वसूल पाहणारा तो माली पाटील. हा ‘माल’ म्हणजे जमीन महसूल. जहागिऱ्या १९४९मध्ये गेल्या, महाराष्ट्रातली मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्यानं गेली. हुद्दे गेले, आडनावं राहिली, आणि माझ्या मते थोडी जास्तच ताठ झाली.

त्याहून मला मोह आहे तो ‘वार’वाल्यांचा. आपल्या वर्गात पाच होते, सगळे बाजारपेठेतल्या दुकानांतले. पुण्यात नोकरीला गेल्यावर लोक मला विचारायचे, “तुमच्याकडे आडनावाच्या शेवटी वार काय असतो? सोमवार, मंगळवार?” हा ‘वार’ तेलुगू आहे. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते’, आदरार्थी. अमुक घरचे ते, अमुकवारु. बिलोली, देगलूर, धर्माबाद ही सगळी सीमेवरची गावं. तिकडून माणसं इकडे आली, मराठी झाली, मराठीतच भांडली, पण घराचं नाव बरोबर आणलं. चंद्रपूरकडेही हेच झालं. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार तिकडचे. आदर आडनावातच बसवलेला असल्यामुळे ‘कन्नमवारसाहेब’ म्हटलं की मान दोनदा दिला जातो, हे बोलणाऱ्याला ठाऊकही नसतं. तेलुगूत आडनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात, घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाआधी येतं. आपल्या हजेरीपटातही आडनाव आधी. आपण मराठीत ‘आडनाव’ म्हणतो. आडवाट, आडगाव, तसं आडनाव. शब्दच सांगतो की मुख्य नाव दुसरं आहे.

संगणकाला मात्र हे पटत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत ग्राहकांची माहिती भरायचा एक फॉर्म माझ्याकडे आला. तीन रकाने: नाव, मधलं नाव, आडनाव, आणि आडनाव सक्तीचं. तमिळ ग्राहकांना आडनावच नसायचं, तर ते तिथं टिंब टाकायचे. अमेरिकी व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाला ‘एफएनयू’ लावतात, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. आपल्या वर्गातला एक शेख तिकडे आहे. शाळेच्या सवयीनं ‘शेख’ आधी लिहिल्यामुळे त्याचे सहकारी त्याला प्रेमानं ‘शेख’ म्हणूनच हाक मारतात. मुळात ती आदराची पदवी, तेव्हा त्याची तक्रार नाही.

त्या फॉर्मनं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. एका सकाळी आयर्लंडमधल्या ग्राहकांची यादी भरताना सगळा कार्यक्रम कोसळला. दोष माझाच होता. ओ’ब्रायन नावात वर जो तुटक टिंबासारखा स्वल्पविराम असतो, तो डेटाबेसला वाक्य संपल्याची खूण वाटतो. मी त्याची काळजी घेतली नव्हती. दुरुस्ती दहा मिनिटांची, बोलणी दोन दिवसांची. रागारागानं मी तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, की तुमच्या नावात हे चिन्ह कशाला? तो हसून म्हणाला, “आमचं नाहीच ते. इंग्रज कारकुनांचं आहे.”

मग त्यानं सांगितलं ते ऐकून मला आजोबांची सनदच आठवली. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. ओ’ब्रायन म्हणजे १०१४मध्ये लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज. गेलिकमध्ये ‘ओ’वर नुसती तिरपी मात्रा असते. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी तिचं ते चिन्ह केलं. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा. वॉर्ड या इंग्रजी दिसणाऱ्या नावामागे अनेकदा ‘मॅक अन वार्ड’ असतं, म्हणजे भाटाचा मुलगा. इंग्रजी अमलात अनेकांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ टाकून दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषेचा अभिमान जागा झाल्यावर कित्येकांनी पुन्हा लावून घेतले. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे मॅकला ‘वलद’ म्हणतात, आणि शिवकाळातल्या मोडी कागदांत ‘बिन’.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गेलिकमध्ये ‘ओ’ फक्त पुरुषाला लागतो. त्या घरच्या लेकीला ‘नी’ लागतं, आणि त्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला ‘ई’. मॅक घराण्यात लेकीला ‘निक’ आणि सुनेला ‘विक’. नुसतं नाव ऐकून कळतं की ही त्या घरची लेक आहे की सून. आपल्या जुन्या सातबाऱ्यात बायकांच्या नावापुढे ‘भ्र.’ असतं, भ्रतार, म्हणजे नवरा अमुक. कुठे ‘जौजे’ असतं. अर्थ तोच. दोन मुलखांच्या दप्तरांनी बाईला एकच प्रश्न विचारला: कुणाची?

आता त्या वर्गमित्राकडे येते. हे त्याला वाचून दाखवून, त्याच्या परवानगीनं लिहितेय, नावाशिवाय. त्याचं आडनाव गावानं ठेवलेलं होतं, त्याच्या आज्यापणज्यांकडून करवून घेतलेल्या कामावरून, आणि उच्चारताना लोक त्याची शिवी करायचे. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, कुणीतरी मागून ते आडनाव ओरडलं, आणि तेच नोंदवहीत गेलं. बारावीनंतर त्यानं रीतसर राजपत्रात जाहिरात देऊन ते बदललं. पण दहावीच्या सनदेवर जुनं, पदवीवर नवं, त्यामुळे प्रत्येक नोकरीत, प्रत्येक पडताळणीत राजपत्राची प्रत काढून जुनं नाव पुन्हा दाखवावं लागतं. मी फोनवर उत्साहानं राष्ट्रकूट सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, “तू आडनाव शोधायलीस. मी ते हरवायला दहा वर्षं घातली.” पुढे मला बोलता आलं नाही. आडनावाच्या उगमाची हौस ज्यांचा उगम सांगण्याजोगा आहे त्यांनाच परवडते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सरांना ते १९९४मध्येच कळलं होतं.

आणि ते वर्षही कुठलं होतं, आठवा. १४ जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. एका नावासाठी आपल्या भागानं सोळा वर्षं काय पाहिलं! १९७८मध्ये बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. आणि ज्या नावासाठी हे झालं, ते आडनावही एका गावाचंच आहे. सकपाळ घराणं, रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे गाव, त्यावरून आडनाव. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९००ला नोंद झाली ती ‘भिवा रामजी आंबेडकर’. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला राहून राहून तो नोंदवहीतला रकाना दिसतो. आजोबांच्या अर्जात होता तसाच, माझ्या मित्राच्या नावापुढे होता तसाच.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला दुसरं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. माझ्या पदवीवर तेच नाव आहे. स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. तेही ‘कर’च. संन्यास घेताना त्यांनी ते आडनाव सोडून दिलं आणि नंतर हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं.

आपल्या वर्गातल्या मुलींना आडनाव सोडताना असं कुणी विचारलं नव्हतं. मी माझं ठेवलं. त्यात धाडस काही नाही. लग्नाच्या वेळी पासपोर्ट काढून झाला होता आणि नोकरीचा व्हिसा त्याच नावावर होता, म्हणून सासरच्यांनी मानलं. बाकीच्यांकडे असं सबळ कारण नव्हतं. यादी करताना मला कळलं की नावं तर आठवतात, पण त्या नावाचं माणूस कुठल्याच दप्तरात नाही. एक सापडली ती भावाच्या खताच्या दुकानाच्या पाटीवरून, कारण तिचं जुनं आडनाव आता त्या पाटीवरच उरलं होतं. एक सापडली ती मुखेडच्या लग्नात मेहंदी काढताना, शाळेतल्या टोपणनावावरून. एकीचं लग्नात नावही बदललं होतं. फोनवर मी जुन्या नावानं हाक मारली तर आधी कितीतरी वेळ पलीकडून काही ऐकूच आलं नाही. मग ती म्हणाली, “कोण बोलायलंय? या नावानं मला आई गेल्यापासून कुणी हाक मारली नाही.”

मार्च २०२४मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की लेकरांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं. माझी मुलगी त्याआधी जन्मली, तरी तिनं वहीवर तसंच लिहायला सुरुवात केली आहे. नाव लांबतं आणि कुठल्याच रकान्यात मावत नाही. रकाना बदला, असं मी तिच्या शाळेला कळवलंय. यात तरी मला थोडं कळतं.

समितीत वाद झाला होता की मुलींची नावं स्मरणिकेत सासरच्या आडनावानं छापायची की माहेरच्या. मी हट्ट धरला आणि तो मान्य झाला. या पुस्तकातली यादी १९९५च्या हजेरीपटाप्रमाणे आहे, त्याच क्रमानं. आताचं नाव खाली बारीक अक्षरात, जिनं जसं सांगितलं तसं. ज्या मित्राबद्दल वर लिहिलं, त्याच्या बाबतीत उलटं केलंय. त्याचं नवं नावच ठळक आहे आणि जुनं छापलेलं नाही. सरांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि फक्त “बरं केलंत” म्हणाले.

चौघीजणी अजून सापडलेल्या नाहीत. त्यांची नावं हजेरीपटात होती तशीच शेवटच्या पानावर आहेत, खालची ओळ मोकळी ठेवली आहे. कुणाला काही ठाऊक असेल, माहेरचं घर कुठल्या गल्लीत होतं, भाऊ काय करतो, कुठल्या गावी दिली, काहीही, तर मला कळवा. आडनाव नसलं तरी चालेल.